पोचलीस की कळव

कट्टा, ता. मालवण
१८ मार्च २०२६

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी आई मध्येच बोलते आणि मला विचारायचं असतं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसलो. भाऊला सांगून याचा फोटो तुला पाठवतो.

तू डब्लिनहून पाठवलेले फोटो सगळे बघितले. सेंट पॅट्रिकच्या सणाच्या परेडसाठी लोक घरून शिडी घेऊन येतात हे आईला खरं वाटेना. ओकॉनेल स्ट्रीटच्या फोटोत शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेलं हिरव्या टोपीचं पोर दाखवलं तेव्हा पटलं. गेल्या वर्षी सेंट पॅट्रिकच्या दिवशी तुला ड्युटी लागली होती. पार्नेल स्क्वेअरवरून बारा वाजता मिरवणूक निघाली तेव्हा तू वॉर्डात होतीस. यंदा सुट्टी मिळाली, मैत्रिणींबरोबर दिवसभर फिरलीस, बरं वाटलं. तिथे जाऊन तू नुसती राबतेस असं मला नेहमी वाटत असतं.

पण तुझा ‘निघते आता’ हा मेसेज आला तेव्हा आपल्याकडे सहा वाजायला दहा मिनिटं होती. म्हणजे तिथे रात्रीचे बारा वीस. त्यानंतर दुपारी एकपर्यंत काही नाही. मग ‘टॅक्सी मिळाली नाही, चालत आले, झोपले होते’. स्मिथफील्डपासून फिब्सबरोपर्यंत, एकटी. आई तोवर देवापुढून उठली नव्हती.

पबमध्ये गेलीस त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ग्लासात काय होतं तेही विचारत नाही. आपल्या घरात दारूने काय केलं ते तू काकाच्या रूपाने बघितलं आहेस, तुला मी नव्याने सांगायला नको. पूर्वी आयर्लंडमध्येही या सणाला पब कायद्याने बंद असायचे, १९६०च्या सुमाराला तो नियम उठला, असं तूच सांगितलं होतंस. चर्चला जायचं, कोटाला शॅमरॉकची ती तीन पाकळ्यांची पानं लावायची, घरी जेवायचं. आईला ते ऐकून फार आवडलं होतं.

आणि त्या कॉबलस्टोन पबमधला तो व्हिडिओ! तो मी रात्रीपासून किती वेळा लावला असेल. स्टेज नाही, माइक नाही, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती माणसं बसलीत. फिडलवाला डोळे मिटून वाजवतोय. ती पिकल्या केसांची बाई मांडीवर बोधरान, म्हणजे तिकडचा डफ, उभा धरून आखूड काठीने वाजवते, आणि दुसरा हात मागून चामड्यावर दाबून आवाज वरखाली करते. तो मागचा हात बघ. आपला पखवाजवाला बघून खूश झाला असता. मध्येच एक मुलगा कोट न काढताच आत येतो, खिशातून शिट्टी काढतो आणि त्यांच्यात मिसळून जातो, कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. त्या जागेवर हॉटेल उठणार होतं तेव्हा २०२१ मध्ये लोक वाजत गाजत रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली, हे ऐकल्यापासून मला त्या लोकांबद्दल आपलेपणा वाटतो. तू अशा ठिकाणी जाऊन बसलीस याचा अभिमानच आहे. तिथून उठून घरी कशी गेलीस, एवढंच माझं विचारणं आहे.

गेल्या वर्षी त्या रात्री कॅज्युअल्टीत कसले कसले पेशंट आले ते तूच सांगितलंस. काचेने हात फाटलेला, फुटपाथवर डोकं आपटलेला. तेच लोक त्या वेळी रस्त्यावर असतात ना? आणि ती डब्लिनच्या टॅला भागातली गोष्ट मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. गेल्या जुलैत आपल्या एका माणसाला तिथे मारहाण झाली, १ ऑगस्टला आपल्या दूतावासाने सूचना काढली, निर्जन भागात जाऊ नका, अवेळी तर नाहीच. मारहाणीविरुद्ध तिथलेच लोक मोर्चा घेऊन आले, हेही तू सांगितलंस, आणि ते मला मान्य आहे. तुझ्या वॉर्डातल्या सिस्टर, तुझी घरमालकीण, चांगलीच माणसं आहेत सगळी. पण रात्री साडेबाराला त्या रस्त्यावर त्यांच्यापैकी कोण होतं?

मी वस्तीच्या गाडीवर किती वर्षं काढली ते तुला माहीत आहे. शेवटच्या थांब्यांवर एखादी बाई, शिकवणीहून येणारी मुलगी एकटी उतरायची. मी लगेच डबल बेल देत नसे. घराचा दिवा लागला, दार उघडलं, की मगच दोरी ओढायची. ड्रायव्हर कुरकुरायचा, डेपोत उशिराचं कारण विचारायचे. विचारू देत. त्या मुलींची नावंही मला ठाऊक नव्हती गो, आणि तू तर माझी आहेस.

तेव्हा ऐक. एकटीने निघायचं नाही. ती कोट्टयमची मैत्रीण तुझ्याच बाजूला राहते ना, तिच्याबरोबर निघ. कानात ते बोंडूक घालून चालायचं नाही. नदीकडच्या आडवाटेने जायचं नाही, चार पावलं जास्त पडली तरी दिव्याच्या रस्त्याने जायचं. ११२ नंबर वरच ठेव. पब बंद व्हायच्या वेळेला सगळे एकदम बाहेर पडतात, टॅक्सी मिळत नाहीच, म्हणून अर्धा तास आधी उठायचं.

बघ, पुन्हा सुरू झालो. रागावू नको. रात्रपाळीला बेशुद्ध माणसं सांभाळणाऱ्या मुलीला मी रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतोय.

खरं तर तुला रात्रीची भीती कधी नव्हतीच. जत्रेत दशावतार बघायला पहाटेपर्यंत बसायचीस. राक्षस आला की बाकीची पोरं आयांच्या पदरात, तू मात्र पुढे सरकून. एकदा तर रंगात आलेल्या नटाने तलवार फिरवली आणि तू उठून उभीच राहिलीस, सगळी जत्रा हसली. परत येताना माझ्या खांद्यावर झोपायचीस, एका हातात बॅटरी, एका हातात तुझ्या चपला. आजी म्हणायची, पोरीला इतकी धीट करू नकोस. मी ऐकलं नाही, आणि बरं केलं. नाहीतर तू बेळगावला नर्सिंगला गेली नसतीस आणि आज डब्लिनला नसतीस.

आपल्या तालुक्यातल्या वराडचे लोक अजून लिओ वराडकरचं नाव काढतात, त्याच्या वडिलांचं गाव ते. डिसेंबर २०१९ मध्ये तो आला होता तेव्हा तूही गर्दीत होतीस. आयर्लंडचा पंतप्रधान असताना याच सणाला अमेरिकेच्या अध्यक्षाला शॅमरॉकचा वाडगा द्यायला तो जायचा. पण मला त्याच्या आईचं जास्त कौतुक. तीही नर्सच. त्याचे वडील, वराडचे डॉक्टर, परदेशात गेले आणि तिथे तिच्याशी त्यांनी लग्न केलं. यावरून आई आता भलतंच काही विचारेल, मी काही बोललेलो नाही.

उद्या पाडवा. काठी धुऊन ठेवली आहे, आंब्याचा टाळा वरच्या घरून येईल. जमिनीचं अजून तसंच आहे, त्याची चिंता तू करू नको. आईच्या गुडघ्याला इंजेक्शन घ्यायचं की नाही ते डॉक्टरांचा कागद पाठवतो, बघून सांग. कोकम, कुळथाचं पीठ मैत्रिणीच्या भावाबरोबर येतं आहे.

पुढच्या वेळी किल्ली दारात फिरली की दोनच अक्षरं टाक. ‘पोचले’ एवढंही नको, नुसतं ‘पो’ टाकलंस तरी चालेल. कितीही वाजलेले असू देत.

तुझा,
बाबा

ता. क. टॅक्सी महाग पडते म्हणून चालत जात असशील तर तसं सांग. पेन्शनमधून भाऊकडून पाठवून देईन. नको म्हणू नकोस.