आबांचा डबा

चि. मनू,

गाडी सुटताना दारात उभी राहून तू ओरडलीस, "बाबा, पुढच्या वेळी आबांसारखं मेडल घेऊनच येते!" मी हात हलवला, पण स्टेशनवरून रामबागेत येईस्तोवर रिक्षात तेच डोक्यात फिरत होतं. आईला सांगितलं नाही. तुलाही लिहिणार नव्हतो.

आबांच्या मेडलांचा डबा मागितलास आणि मी दिला नाही, त्यावरून आपलं वाजलं, ते माझंच चुकलं. पण देताना तुला काय सांगायचं तेच सुचत नव्हतं गं. सेना मेडल, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, ६५चं रक्षा मेडल, कडेला बारीक अक्षरात कोरलेलं नाव, लहानपणी मी त्याच्यावरून नख फिरवायचो. आबा काही सांगत नसत. फक्त १५ डिसेंबरच्या रात्री झोपायचे नाहीत, अंगणात फेऱ्या मारायचे, आजी चहा करून ठेवायची आणि काहीएक विचारायची नाही.

माझं लग्न झाल्यावर एकदाच बोलले. १९७१, बसंतर नदी, रात्रभर आबांचे सॅपर लोक, लष्करातले इंजिनिअर, पेरलेल्या सुरुंगांतून रणगाड्यांसाठी लेन काढतायत, काम अर्धवटच झालेलं आणि पलीकडून निरोप आला की शत्रूचे रणगाडे हलतायत, मग पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट तशाच अर्धवट लेनमधून पुढे घुसली. १६ तारखेला त्यांचा अरुण खेत्रपाल गेला, २१ वर्षांचा, कमिशन त्याच जूनमधलं. "पोरगा आमच्याच लेनमधून गेला असेल," एवढं बोलून आबा किती तरी वेळ गप्प बसले. त्यांच्या शेजारचा जवान सुरुंगावर गेला होता, त्याला पाठीवर घेऊन आले म्हणून सेना मेडल. तो वाटेतच गेला. आबा त्या मेडलला कायम "त्याचं" म्हणायचे, माझं म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून सांगतो, मेडल डोक्यात ठेवून सुरुंगाजवळ जायचं नाही. घाई करायची नाही. हाताखालच्या पोरांना घाई करू द्यायची नाही. हे बघ, परत लेक्चर सुरू झालं माझं. तू कॅप्टन आहेस, सीएमईत, लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून आलीस, मी आयुष्यभर बँकेत बसलेला माणूस, मला यातलं काय कळतं! सॉरी बेटा.

पण राम राघोबा राणेंचं तेवढं ऐक. तुमच्याच बॉम्बे सॅपर्सचे, एप्रिल १९४८, नौशेरा-राजौरीचा रस्ता, पहिल्याच दिवशी जखमी झाले तरी सुरुंग आणि अडथळे काढत राहिले, आणि परमवीर चक्र जिवंतपणी मिळालं. हा जिवंतपणी शब्द मी दोनदा खोडला, परत लिहिला.

चेन्नईला परेडनंतर तुझ्या खांद्यावर स्टार लावताना माझी बोटं थरथरत होती, ते तू आईला सांगितलंस, मला कळलं. घाबरलो होतो आणि छातीही फुगली होती, दोन्ही एकदम. आबा हवे होते.

सेना मेडलची लाल रिबन विटलीये, मधली पांढरी पट्टी तर पिवळी पडलीये. नवी महूच्या बाजारात मिळेल, पण मी एकटा जाणार नाही. तू सुट्टीवर आलीस की सरवटे स्टँडवरून बसने दोघं जाऊ, तू रिबन बदल, मग डबा तुझा.

लाडू बॅगेत खालच्या कप्प्यात आहेत. रविवारी फोन कर, बोलायला वेळ नसला तर नुसता मिस्ड कॉल दे.

तुझा,
बाबा