साठ दिवस कुठून मोजायचे

इंदूर,
१६ जून २०२५

प्रिय मित्रा,

काल फोनवर म्हणालास की घराच्या कर्जाच्या किस्ती थकल्याची बँकेची नोटीस आली, पण वहिनींना अजून सांगितलेलं नाही. आधी ते कर. कर्जात त्या सहकर्जदार आहेत. तेच पाकीट त्यांच्या नावानेही निघालं असेल, आणि उत्तरावर दोघांच्या सह्या हव्यात. पुढचं पाकीट पोस्टमनकडे परत पाठवायचा विचार मनातून काढून टाक. नाकारलेली नोटीसही पोचली असंच धरतात. बँक ती दारावर चिकटवू शकते, दोन वर्तमानपत्रांत छापू शकते. पाकीट नाकारून वेळ मिळत नाही, उलट हातचे दिवस जातात.

दिवस म्हणतो ते याचसाठी. तुझ्या हातात आहे ती सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) ची नोटीस. थकलेल्या कर्जासाठी बँकेला खटला न भरता गहाण मिळकत ताब्यात घेऊन विकू देणारा तो कायदा. तिची साठ दिवसांची मुदत नोटिशीवरच्या तारखेपासून मोज, पाकीट फोडलंस त्या दिवसापासून नाही. नोटिशीवर ३ जून आहे, म्हणजे मुदत २ ऑगस्टला संपते. अकरा दिवस ती टेबलावर पडून होती, ते गेलेच.

आता नोटीस पेन्सिल घेऊन वाच. पहिली गोष्ट, खातं एनपीए, म्हणजे नव्वद दिवस थकून बँकेच्या हिशेबी अनुत्पादक, कधी झालं म्हणून लिहिलंय. तुझी किस्त दर महिन्याच्या ५ तारखेची, पहिली चुकली ५ फेब्रुवारीला. नव्वद दिवस ६ मे रोजी भरतात. त्याआधीची तारीख टाकली असेल तर तो पहिला मुद्दा. दुसरी गोष्ट, रक्कम. मुद्दल, व्याज, दंड, विमा आणि वकिलाचा खर्च वेगवेगळे दाखवलेत की एकच ढीग केलाय, ते बघ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कर्जांवर १ एप्रिल २०२४ पासून आणि आधीच्या चालू कर्जांवर उशिरात उशिरा ३० जून २०२४ पासून व्याजदर वाढवून दंडव्याज लावता येत नाही. दंडाचं शुल्क घेता येतं, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला दंडाची ओळ आणि पुढच्या महिन्यात तिच्यावर व्याज दिसलं, तर त्या ओळींखाली रेघ मार. तिसरी गोष्ट, मिळकतीचं वर्णन: मकान नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा. रजिस्ट्रीच्या झेरॉक्सशी शब्दशः ताडून पाहा. चौथी, सही. सही अधिकृत अधिकाऱ्याची हवी, आणि सरकारी बँकेत तो निदान मुख्य व्यवस्थापक दर्जाचा लागतो. शिवाय तुझ्या मकानावरचा बोजा सरसाईच्या, म्हणजे गहाण मिळकतींच्या केंद्रीय नोंदवहीत चढलेला आहे का, तेही तपास. त्या नोंदीशिवाय बँकेला या कायद्याखाली कारवाई करता येत नाही. बहुतेक नोंद असतेच, पण पाहायला फारसा वेळ लागत नाही.

एक सांगतो, अशा चुका सापडल्या म्हणून कर्ज माफ होत नाही. फार तर बँकेला नोटीस नव्याने काढावी लागते. त्यातून महिने मिळतात, घर मिळत नाही. चुका जरूर शोध, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नकोस.

खरं काम उत्तराचं आहे. कलम १३(३ए) प्रमाणे तू लेखी हरकत दिलीस की बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात कर्जदाराचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे असं सांगितलं, त्यानंतर हे कलम कायद्यात आलं. लोक साठाव्या दिवशी पत्र टाकतात, मग बँकेचं उत्तर येईपर्यंत मुदत संपलेली असते. तू २५ जूनच्या आत पाठव. बँकेचं उत्तर १० जुलैच्या आसपास येईल आणि तुझ्याकडे तीन आठवडे उरतील. स्पीड पोस्टने पाठव, एक प्रत शाखेत देऊन दुसरीवर आवक शिक्का घे, आणि अधिकृत अधिकाऱ्याच्या ईमेलवरही टाक. फोनवर ‘साहेब म्हणाले, बघू’ याला कागदावर काही किंमत नसते.

पत्रात रडगाणं नको, आकडे हवेत. नोकरी सुटल्याचं पत्र, नव्या नोकरीचं नियुक्तिपत्र, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट, वहिनींच्या पगाराच्या पावत्या जोड. मग नेमकं लिही: किस्त २८,३०० ची, पाच थकल्या, म्हणजे १,४१,५०० आणि वर शुल्क. त्यातले इतके अमुक तारखेला, उरलेले तमुक तारखेपर्यंत, आणि जुलैपासून चालू किस्त वेळेवर. सोबत मुदत वाढवून मिळावी ही मागणी. वयाच्या मर्यादेत बसत असेल तर बँक याचा विचार करू शकते. खात्याचा पूर्ण उतारा, मंजुरीपत्र आणि करारनाम्याची प्रतही त्याच पत्रात माग.

इथे एक घोटाळा होतो. दोन किस्ती भरल्या की प्रकरण थंडावतं असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ ला स्पष्ट केलं की एनपीए झालेलं खातं नियमित व्हायला मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरावी लागते. थोडीशी भरून चालत नाही. नोटीस पूर्ण कर्ज मागते, पण घराच्या कर्जात थकबाकी पूर्ण आली की खातं नियमित करून कारवाई थांबवायची हा बँकांचा नेहमीचा व्यवहार आहे. म्हणून जमेल तसे वीस-वीस हजार टाकण्यापेक्षा रक्कम गोळा कर, एकरकमी भर, आणि नोटीस मागे घेतल्याचं पत्र घे. पैसे थेट कर्जखात्यात जावेत. वसुलीला येणाऱ्याच्या हातात रोख एक रुपयाही देऊ नकोस. विम्याच्या पॉलिसीवरचं किंवा सोन्यावरचं कर्ज यासाठी चालेल. पर्सनल लोन काढून किस्ती भरू नकोस. त्याचं व्याज जास्त, आणि सहा महिन्यांनी दोन बँका दाराशी उभ्या राहतात.

एकरकमी तडजोडीबद्दल विचारलंस. बँक देऊ शकते, पण तो तुझा हक्क नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात हे साफ सांगितलं. आणि मकानाची किंमत कर्जापेक्षा पुष्कळ जास्त असताना बँक सूट कशाला देईल?

इंटरनेटवर वाचलेलं मात्र सगळं विसर. तू फोरक्लोजर, म्हणजे थकलेल्या कर्जापायी घर जप्त होणं, शोधलंस आणि अमेरिकेचे नियम सापडले: १२० दिवस थांबतात, किल्ली परत केली की सुटका. ते तिकडचं. आपल्याकडे बँकेत फोरक्लोजर लेटर मागितलंस तर कर्ज मुदतीआधी फेडण्याची रक्कम लिहून देतात. आणि किल्ली दिल्याने कर्ज संपत नाही. लिलावात कमी आले तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुझ्या मागे येऊ शकते. वीस लाख किंवा त्याहून जास्त असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणात, कमी असेल तर दिवाणी न्यायालयात.

साठ दिवस काहीच न करता गेले तर कलम १३(४) खाली ताबा. पहिला ताबा बहुधा कागदी असतो. दारावर नोटीस लागते, आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. इंदूरात म्हणजे हिंदीत, सगळ्या मोहल्ल्याला कळेल असं. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते. तिथे तुझी बाजू ऐकत बसत नाहीत, कागद पुरे आहेत का तेवढं पाहतात. वेळ तशी आलीच तर दागिने, औषधं, मुलांच्या मार्कशीट आधी बाहेर काढ. ते बँकेकडे गहाण नाहीत.

या ताब्याविरुद्ध जायचं ठिकाण म्हणजे जबलपूरचं कर्जवसुली न्यायाधिकरण, कलम १७, मुदत पंचेचाळीस दिवस. ही मुदत ताब्याच्या कारवाईपासून मोजतात. नुसत्या नोटिशीवर किंवा बँकेने हरकत फेटाळल्यावर तिथे जाता येत नाही, म्हणून आत्ता तिथे जायला सांगणाऱ्या वकिलाचं ऐकू नकोस. शुल्क दहा लाखांपर्यंतच्या टप्प्याचं ५,००० आणि पुढच्या प्रत्येक लाखाला २५०. तुझे २९ लाख धरले तर ९,७५०. रात्रीच्या ओव्हरनाइट एक्सप्रेसने एक-दोन खेपाही धर. तिथे ‘नोकरी गेली’ हा मुद्दा चालत नाही. साठ दिवस दिले नाहीत, हरकतीला उत्तर नाही, मूल्यांकन चुकलं, नोटीस पोचलीच नाही, असे मुद्दे चालतात. स्थगिती देताना काही रक्कम भरायला सांगतात, ती तयार ठेवावी लागते. न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील करायचं तर कर्जाच्या निम्मी रक्कम भरावी लागते, फार तर पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. या कारवाईविरुद्ध तुला दिवाणी न्यायालयाचं दार कलम ३४ ने बंद आहे, आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातून आठवड्यात स्टे आणतो म्हणणाऱ्याला फी देऊ नकोस. अशा प्रकरणांत उच्च न्यायालयांनी सहसा हात घालू नये असं सर्वोच्च न्यायालय २०१० पासून सांगत आलं आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा. पुष्कळ लोक, काही वकीलसुद्धा, अजून सांगतात की लिलावाचा हातोडा पडेपर्यंत पैसे भरून मकान सोडवता येतं. ते जुनं झालं. १ सप्टेंबर २०१६ पासून कलम १३(८) बदललं. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याच्या तारखेआधी सगळे पैसे आणि खर्च भरले तरच बँकेला थांबावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सेलिर आणि बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या प्रकरणात बोलीवाला पुढे आल्यानंतर कर्जदाराने जास्त रक्कम देऊ केली होती, तरी ती मिळकत त्याला परत मिळाली नाही. म्हणजे ताबा गेला तरी वाट उरते, पण वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात छापून आली की ती बंद होते. नातेवाइकांकडून पैसे जमवणारे नेमके याच जाहिरातीने जागे होतात. तुझं शेवटचं टोक तिथे आहे, लिलावाच्या दिवशी नाही.

म्हणून जुलैच्या मध्यापर्यंत पैशांची सोय दिसत नसेल तर मकान तू वीक. लिलावात गिऱ्हाईक कमी येतात, ताब्याची कटकट नको म्हणून भाव पाडून मागतात. राखीव किंमत ठरते ती बँकेच्या मूल्यांककाच्या आकड्यावरून. कर्ज फिटून उरलेले पैसे तुला परत मिळतात हे खरं, पण उरायला हवेत ना! मात्र कलम १३(१३) प्रमाणे ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मकान विकता किंवा लीजवर देता येत नाही. बयाना घेऊन सौदा चिठ्ठी लिहून मोकळा होऊ नकोस. आधी बँकेकडून संमती आणि रोजच्या व्याजासकट फेडीची रक्कम लिहून घे. गिऱ्हाइकाची बँक पैसे थेट तुझ्या कर्जखात्यात भरेल, मग कागद सुटतील, मग रजिस्ट्री. प्लॉट विकास प्राधिकरणाच्या लीजचा असेल तर नामांतरणाची आणि लीजची कागदपत्रं आजच काढायला घे. गिऱ्हाइकाची बँक तपासणी आणि मूल्यांकनात तीन-चार आठवडे सहज खाते.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तुला मिळतात, हे लक्षात असू दे.

वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर येऊ शकत नाहीत. शेजाऱ्यांना, वहिनींच्या कचेरीत फोन केले तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार कर. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे शुल्क नाही. आणि चेक किंवा नॅच (खात्यातून किस्त आपोआप कापण्याची सोय) परतल्याबद्दल वेगळी वकिली नोटीस आली तर ती या फायलीत मिसळू नकोस. ते फौजदारी प्रकरण आहे, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ती रक्कम भरली की तिथेच संपतं.

रविवारी २२ तारखेला सकाळी दोघंही या. नोटीस पाकिटासकट आण, पोस्टाचा शिक्का हवा. कर्जाचं स्टेटमेंट पहिल्या महिन्यापासूनचं, मंजुरीपत्र, रजिस्ट्रीची झेरॉक्स आणि वहिनींच्या पगाराच्या पावत्याही आणा. उत्तराचा मसुदा इथेच बसून करू, म्हणजे सोमवारी स्पीड पोस्टात पडेल.

तुझा,
मित्र