आक्का, तुमचं नाव लिहिलेलं नाही

आक्का,
सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही, असं तुम्ही फोनवर बजावलंत. "शाल-नारळ देतील, फोटो काढतील आणि वर अजून एक रजिस्टर गळ्यात मारतील." बरं, नाही घालत. कृष्णाकाठच्या एका गावच्या आशाताई, एवढंच लिहिते. पण मिरजेतली आमची समुपदेशनाची खोली ज्यांना माहीत आहे, त्यांना ती कुणामुळे चालते हेही कळावं, म्हणून हे पत्र चारचौघांत.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 ची. पूर ओसरल्यावर मी पुण्याहून आले ती थोडे दिवस मदत करून परत जायच्या बोलीवर. तांदूळ, चादरी, फिनेल सगळं येत होतं. लोकांना झोप लागते का, हे मात्र तुम्ही एकट्याच विचारत होतात, घरोघरी फिरता फिरता. पत्र्यावर पाऊस वाजला की सातबाऱ्याची पिशवी कवटाळून बसणाऱ्या म्हाताऱ्या मी तुमच्याबरोबर पाहिल्या.

आणि तो म्हशीवाला. दावं सोडायला वेळ मिळाला नाही, तेव्हापासून त्यानं बोलणंच टाकलं होतं. मी कसली तज्ज्ञ आहे, हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत. "पुण्याच्या बाई हायत, तुमच्या म्हशीचं ऐकायचंय त्यांना," एवढंच म्हणालात आणि उंबऱ्यावर टेकलात. बराच वेळ काही नाही. मग कुठल्या बाजारातनं आणली, कितव्या वेताची, धार कोण काढायचं, असं एकेक निघत गेलं आणि शेवटी तो ओक्साबोक्शी रडला. तुम्ही एकदाही "होईल सगळं नीट" म्हणाला नाहीत. सांत्वनाची घाई करू नये, हे आम्हाला वर्गात शिकवतात. ते जमलेलं मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

मी राहायचं ठरवल्यावर जागेचा विषय निघाला. मला सांगलीत, विश्रामबागेकडं, शांत बंगल्यात खोली हवी होती. तुम्ही मोडता घातलात. "शांत ठिकाणी कोण कशाला गेलं, ते सगळ्यांस्नी दिसतंय." वानलेस डॉक्टरांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडं, अगदी कर्नाटकातूनही, माणूस मिरजेला निघाला की दवाखान्यालाच, हे गृहीत असतं. कुठल्या, ते कुणी विचारत नाही. म्हणून एस.टी. स्टँडपासून चालत येण्याजोगी, खाली चष्म्याचं दुकान आणि शेजारी दातांचा दवाखाना असलेली माडी तुम्ही शोधलीत. त्या जिन्यावर कुणीही दिसलं तरी चालतं.

सासूचा तोडगाही तुमचाच. पेशंट एकटा आत आणि दार बंद, हा आमचा नियम. "म्हातारीला भायेर बसवली तर सून पुढच्या खेपेला येत न्हाय बगा." मग आधी सासू आत येते, चहा घेते, गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगते. तुम्ही असलात की तिला खाली चष्मा बघायला नेता आणि वर दार बंद होतं. सुनेचं बोलणं सुनेपाशीच राहतं आणि घरात कुणाचा मान दुखावत नाही. वेळाही तुम्ही ठरवल्यात: अकरा ते दोन, बाजाराच्या दिवशी थोडं उशिरापर्यंत.

अंगात येणाऱ्या त्या मुलीच्या घरी मात्र तुम्ही कडक झालात. देव्हाऱ्यातला अंगारा लावायला तुमची हरकत नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी चुकवायची नाही, एवढीच अट. पण देवऋषी भूत उतरवायला मारतो, कोंडून ठेवतो म्हटल्यावर तुम्ही अंगणातच 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेतलंत. घरातली पुरुषमाणसं बघत राहिली. श्रद्धा कुठवर सांभाळायची आणि कुठं आडवं यायचं, याचा इतका स्वच्छ अंदाज मी मोठ्या पदव्यांच्या माणसांतही क्वचित पाहिलाय.

2022 च्या ऑक्टोबरात सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली, तेव्हा तिचा 14416 हा नंबर तुम्ही पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर रंगवून घेतलात. दळण होईपर्यंत बाया उभ्याच असतात, वाचतात.

यातल्या कशाचाही तुम्हाला पैसा मिळाला नाही. आशाताईंना कामागणिक मोबदला, आणि उंबऱ्यावर तासभर गप्प बसणं हे काम कुठल्या रकान्यात भरणार? मला याचा राग येतो. तुम्ही हसता.

तेव्हा नुसते आभार मानून थांबत नाही. यापुढं आमच्याकडं शिकायला येणाऱ्या मुली पहिला आठवडा खोलीत बसणार नाहीत, तुमच्याबरोबर वाडी-वस्तीवर फिरतील. त्याचं मानधन तुम्हाला घ्यावंच लागेल. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. "बघू की" म्हणून टाळू नका, नाहीतर मी घरी येऊन तुमच्या सासूबाईंकडून घेईन.

तुमची,
मिरजेच्या माडीवरची बाई