आजोबांच्या बिल्ल्याबद्दल आभार

आजीच्या पानाच्या डब्यात आजोबांचा एक बिल्ला होता. सहा टोकांची चांदणी, करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी. फितीचा लाल रंग विटून भगवा झालेला, बाजूला पांढरा, हिरवा. घरात सगळे म्हणायचे, स्वातंत्र्याच्या वेळचा तिरंगी बिल्ला! पोवई नाक्याजवळच्या एका सराफाने तर ‘खेळण्यातलं असेल’ म्हणून परत केला.

रविवारी साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात एका लग्नात तो सहज खिशातून काढला. पंगतीत शेजारी बसलेल्या निवृत्त सुभेदारकाकांनी जिलेबी बाजूला सारली, हात पुसले आणि फीत उजेडात धरली. “हिरवा मधोमध आहे बघ. लाल, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा, लाल. हा इटली स्टार.” शेजारच्या एका मावशींनी पर्समधलं भिंग दिलं, तेव्हा मुकुटाखालची इंग्रजी अक्षरंही लागली. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या मोहिमेवर असलेल्यांना मिळालेलं हे पदक. पण मूळ पदक बरंच मोठं. ही छोटी प्रतिकृती लष्करी मेसमधल्या रात्रीच्या जेवणाला लावायची, तीही स्वतःच्या पैशाने करून घ्यायची.

खर्चाच्या बाबतीत आजोबा भलतेच चिकट होते, त्यामुळे हे ऐकून आम्ही थक्कच झालो.

काका, मावशी, नावं विचारायची राहून गेली. मनापासून आभार. आणि काका, जिलेबी तुमची गार झाली, त्याबद्दल माफी.