उचकी आणि पंगतीतला आग्रह

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला जेवताना उचकी लागली, की घरचे ‘कोणी तरी आठवण काढत असेल’ म्हणतात आणि एका दमात तांब्याभर पाणी पिण्याचा किंवा चमचाभर साखर खाण्याचा सल्ला देतात. माझ्या धाकट्या बहिणीची ही शस्त्रक्रिया पुण्यातच झाल्याने हे मी जवळून पाहते आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा बहुतांश भाग काढून टाकतात; उरलेल्या अरुंद जठरात घास घाईने गेला किंवा त्यासोबत हवा गिळली गेली, की ते ताणले जाऊन श्वासपटल आकसते व उचकी लागते. अनेकांना ती पोट भरल्याचीच खूण असते, म्हणून हातातला घास परत ताटात ठेवणे उत्तम. तांब्याभर पाण्याने उलटी होऊ शकते, तर जठराची बायपास (अन्नाची वाट वळवण्याचा, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा दुसरा प्रकार) झालेल्यांना साखरेने घाम, धडधड आणि जुलाबही होऊ शकतात.

बहीण मऊ वरणभातसुद्धा चहाच्या चमच्याने, अर्धा तास लावून खाते. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. पंगतीत तिला ‘एक तरी जिलेबी’ असा आग्रह होतो, तेव्हा फार वाईट वाटते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उचकीसोबत ताप, धडधड किंवा डाव्या खांद्यात कळ असेल, तर आतल्या टाक्यांतून गळती होत असण्याची शक्यता असते. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठावे. नुसती उचकीही ४८ तासांत थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. रुग्णालयांनी घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या आहारपत्रकात एवढे तरी मराठीत छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे