धडधाकट स्कॅनर भंगारात का?

संपादक महोदय,

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि चांगले चालणारे असंख्य संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती अनेक संगणकांत असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद केलेली. इंटेलच्या संगणकांत पीटीटी आणि एएमडीच्या संगणकांत एफटीपीएम या नावाने. नवी खरेदी करण्याआधी निदान एवढे तरी पाहून घ्यावे.

खरी अडचण आहे ती प्रिंटर-स्कॅनरची. विंडोज ११ फक्त ६४ बिटांच्या स्वरूपात मिळते आणि जुन्या ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाकडून यंत्र चालवून घेणारी प्रणाली, तिथे चालतच नाही. उत्पादकाने नवा ड्रायव्हर दिला नाही की काच, मोटर, दिवा सगळे शाबूत असलेले यंत्र भंगारात! माझा असाच एक स्कॅनर लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या संगणक प्रणालीवर, 'सेन' या मुक्त प्रकल्पाच्या ड्रायव्हरमुळे पुन्हा उत्तम चालू लागला. हे ड्रायव्हर बहुतांशी स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत, कित्येकदा उत्पादकाच्या मदतीवाचून. मग ज्यांनी यंत्र घडवले त्यांनाच ते का जमू नये?

आधार थांबवायचा तर खुशाल थांबवावा. पण त्याच दिवशी यंत्राची तांत्रिक माहिती खुली करावी आणि जुने ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढू नयेत, अशी अट कायद्यानेच उत्पादकांवर घालायला हवी.

– एक वाचक