नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

पणजीतली आमची पायथन या संगणकीय भाषेची परिषद पार पडली. १९९१ साली जगासमोर आलेली ही भाषा मुख्यतः स्वयंसेवकांनीच वाढवली. आमचे दोन दिवसही तसेच उभे राहिले.

पहिल्याच सकाळी पावसात वीज गेली. शेजारच्या दुकानातल्या काकांनी स्वतःहून इन्व्हर्टर आणून जोडला, भाडं घेतलंच नाही. बेतीच्या फेरीबोटीत विसरलेलं बॅजांचं खोकं खलाशानं पुढच्या फेरीला धक्क्यावर पोचवलं. कदंब बसस्थानकावरून पाहुण्यांना भर पावसात मोटारसायकलवरून आणणारे पायलट (म्हणजे इथले दुचाकी टॅक्सीवाले), आणि रात्री उशिरापर्यंत वायरी गुंडाळत बसलेल्या त्या दोन कॉलेजकन्या (जेवल्याही नव्हत्या!), तुमची आठवण रोज निघते.

नावं विचारायची राहिली, याची रुखरुख आहे. देव बरें करूं!